सूत आणि साबण

बाबांच्या गाडीतून पेट्रोल गळतंय हे आम्हाला आमच्याच भाडेकरूच्या माणसानं येऊन सांगितलं. गोदामाचा सुपरवायझर होता, तिशीच्या आतला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला. मी दारात दात घासत उभा होतो. तो म्हणाला, "काका, तुमच्या गाडीखाली बघा जरा. ठिबकतंय. आत सगळा पुठ्ठ्यातला माल आहे. एक ठिणगी पडली तर काय होईल?" आणि मी तोंड धुऊन येईपर्यंत त्यानं पुढचंही सांगून टाकलं. रविवारपर्यंत गळती थांबली पाहिजे, नाहीतर गाडी आवारातून बाहेर काढायची. ते त्याच्या वरच्या साहेबांनी सांगितलं होतं.

मला पहिला राग आला तो काका म्हटल्याचा. दुसरा राग आला तो त्याचं बरोबर असल्याचा. आमच्या या पट्ट्यात, वळ गावापासून दापोड्यापर्यंत, जिकडे बघाल तिकडे गोदामं. एखाद्याला आग लागली की काळा धूर दिवसभर हटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, सुरुवात कशी झाली कोणाला कळलंच नाही. इथे तर सुरुवात आमच्या पडवीत थेंबाथेंबानं चालू होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ते गोदाम म्हणजे आमचा मागांचा कारखाना. आता माग नाहीत. ते भंगारात गेले, जागा धुऊन पुसून भाड्यानं दिली आणि तिथे आता लोकांनी मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू येऊन पडतात आणि जातात. बाबांनी आयुष्यभर मागच चालवले. स्वतःचा कारखाना काढण्याआधी ते शहरात एका सेठकडे जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. पान्हा, हातोडी आणि कान, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. लांबून खडखडाट ऐकून सांगायचे, तिसऱ्या रांगेतला दुसरा माग कुरकुरतोय. त्याच सेठनं पुढे नवी गाडी घेतली आणि जुनी बाबांच्या गळ्यात घातली. स्टिअरिंगला गियर असलेली, बसक्या डिकीची, पांढुरक्या रंगाची गाडी. एके काळी अशा गाड्या टॅक्सी म्हणून सगळीकडे धावायच्या. आता रस्त्यावर दिसली तर पोरं फोटो काढतात.

या गाडीला बाबांशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. हे मी कौतुकानं सांगत नाही, तो आमच्या घरातला कायमचा ताप होता. लग्नाला निघायचं म्हणून आई जरीची साडी नेसून बसलेली असायची आणि बाबा बॉनेटमध्ये डोकं घालून. रस्त्यात बंद पडली तरी मेकॅनिकला हात लावू द्यायचे नाहीत. डिकीत कायम दोन गोष्टी असायच्या, कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि सूत गुंडाळलेला एक पुठ्ठ्याचा कोन. पेट्रोलची नळी चिरली की साबण ओला करून चिरेत भरायचा, वरून सूत घट्ट गुंडाळायचं, विणकरांची गाठ मारायची आणि सुतावरून पुन्हा साबण घासायचा. ती गाठ इवलीशी असते, बोटाला लागतसुद्धा नाही, आणि ओढाल तितकी आवळते. मागावर तुटलेला धागा जोडायला तीच मारतात. या दुरुस्तीवर गाडी पार नाशिकपर्यंत जाऊन आलेली आहे. सुताला आणि साबणाला कारखान्यात तोटा नव्हता, त्यामुळे आमच्याकडे रबराचा नवा तुकडा विकत आणणं म्हणजे हार मानल्यासारखं होतं.

शिमग्याच्या सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात नाही आला. जीभ जड झाली, पण कळण्याइतपत बोलत. आई त्याच्या आधीच गेलेली होती, हे एक बरं झालं असं मला कधी कधी वाटतं आणि वाटल्याचं वाईटही वाटतं. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. फक्त सकाळी उठून, काठी टेकत, पडवीपर्यंत जायचे. डाव्या हातानं गाडीवरची धूळ पुसायची, बॉनेट उघडायला मला हाक मारायची, आत बघत उभं राहायचं आणि परत यायचं. दर रविवारी मी गाडी चालू करून थोडा वेळ तशीच घुरघुरत ठेवायचो. ती फाटकाबाहेर गेलेलीच नव्हती. माझी बायको म्हणायची, ती गाडी आहे म्हणून बाबा अंथरुणातून उठतात. डॉक्टरनं दिलेल्या व्यायामांचं तिनं कधी एवढं कौतुक केलं नाही.

म्हणून सुपरवायझर गेल्यावर मी बराच वेळ बाबांना सांगू की नको करत बसलो. गाडी जाणार म्हटल्यावर ते खचतील अशी मला भीती होती. शेवटी सांगितलं.

तर ते खूश झाले! खरंच खूश झाले. इतक्या महिन्यांत कोणी त्यांना काम सांगितलं नव्हतं. औषध घ्या, बसा, उठा, सावकाश, पडाल. एवढंच ऐकत होते.

"कुटनं गळतंय?" त्यांनी विचारलं.

"पंपाजवळ. रबराची नळी चिरलीय, मना वाटतं."

"साबन आन," ते म्हणाले.

गळती तिथेच होती. डिकीतल्या टाकीतून खालून लोखंडी पाइप पुढे येतो आणि इंजिनाच्या पंपापाशी रबराच्या वीतभर नळीनं जोडलेला असतो. ती नळी तडकली होती. टाकी भरलेली असली की उभ्या गाडीतूनही पेट्रोल उतरून तिथे ठिबकायचं. मी रविवारी चालू करायची म्हणून नुकतंच पेट्रोल भरून ठेवलं होतं, म्हणजे या सगळ्याला निमित्त मीच. बाबांना स्टूल दिलं. ते बसले, मी साबण ओला करून दिला आणि त्यांनी डाव्या अंगठ्यानं तो चिरेत भरायला सुरुवात केली.

तो हात त्यांचा नव्हता. म्हणजे त्यांचाच होता, पण आयुष्यभर त्यानं नुसतं धरायचं काम केलं होतं, करायचं काम दुसऱ्यानं केलं. अंगठा घसरायचा. सूत गुंडाळताना कोन खाली पडायचा, मी उचलून द्यायचो. मी म्हटलं, "द्या, मी गुंडाळतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. गाठ मारायला त्यांनी सुताचं एक टोक दातात धरलं, तोंड पुढे नेऊन इंजिनाला टेकवलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी दुसरं टोक फिरवत राहिले. पेट्रोलच्या वासानं माझं डोकं दुखायला लागलं होतं, आणि त्यांचं तोंड त्याच पेट्रोलात. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पण गाठ बसली. त्यांनी नखानं ती खाजवून बघितली आणि मान हलवली. तोंडाची चांगली बाजू हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ओला डाग होता.

बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "साबन कच्चा व्हता. पिवळी वडी आन." मी पिवळी वडी आणली. पुन्हा तेच स्टूल, तेच दातात सूत. पुन्हा डाग. या खेपेला तर ठिबकण्याची जागाच बदलली होती. सूत पेट्रोल पिऊन नळीवरून पुढे सरकवत होतं आणि थेंब भलत्याच ठिकाणी पडत होता. बाबा तिथे बोट लावून बघायचे, तिथे तर नळी धड. त्यांना काही सुधरेना. मागाचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस त्या थेंबाकडे नुसता बघत बसायचा.

माझा स्वभाव मुळात उतावळा. तिसऱ्या खेपेला त्यांची गाठ बसल्यावर मी म्हणालो, "बाबा, वीतभर नळी हाय. अंजूरफाट्याला कुटंबी भेटंल. नवी टाकू, सुटलो."

"माज्या गाडीला दुसऱ्याचा हात लागला न्हाय."

"मग रविवारी ती भंगारवाल्याचा हात लागून जाईल, ते चालंल?"

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी काठी घेतली आणि घरात गेले. जाताना उंबऱ्यात अडखळले, मी धरायला गेलो तर हात झटकला. डाव्या हातानं झटकला, कारण दुसरा झटकता येत नव्हता. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

मार्ग बायकोनं काढला. ती भाकऱ्या थापत होती आणि माझं सगळं ऐकून घेत होती. म्हणाली, "तुमी उगाच डोकं लावताव. गळती थांबली म्हंजे झालं ना? कोनी थांबवली ते त्यांना कनाला सांगायचं? उद्या दुपारी मी त्यांना व्यायामाला घेऊन जाते. रिक्षानं जायला-यायला येळ लागतोच. तवर तुमी मेकॅनिक बोलवा आनि वरून सूत गुंडाळून ठेवा." तवा पुसावा तितक्या सहज बोलली. मला तिचं म्हणणं एका क्षणात पटलं. आजही मला त्यात वाईट काही दिसत नाही, आणि तरी तेच आम्हाला भोवलं.

मेकॅनिक तिकडचा, उत्तरेकडचा, वर्षानुवर्षं इथे राहून मराठी समजणारा पण हिंदीतच बोलणारा. त्यानं बाबांचं सूत ब्लेडनं कापून काढलं. आतला साबण पाण्यासारखा झाला होता. तो हसला. "ये साबुनवाला काम पहले चलता था, भाई. अब पेट्रोल में वो गन्नेवाला इथेनॉल मिलाते हैं ना. वो रबर को भी खाता है और साबुन को भी घोल देता है." म्हणजे बाबांची दुरुस्ती चुकलेली नव्हती. त्यांचं पेट्रोल बदललं होतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण हे बाबांना सांगून उपयोग नव्हता. सांगितलं असतं तर त्यांनी एवढंच ऐकलं असतं, की तुमची विद्या आता चालत नाही.

नवी नळी बसली, दोन्हीकडून पट्ट्या आवळल्या. मेकॅनिकनं गाडी चालू करून दाखवली. खाली एक थेंब नाही. तो हात पुसत होता तोवर मी सुताचा कोन काढला आणि नळीवर गुंडाळायला लागलो. "ये किसलिए?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, "बाप के लिए."

मी मन लावून गुंडाळलं. पट्ट्या झाकल्या जातील असं, एकावर एक पदर बसवत. शेवटी विणकरांची गाठ मारली. ती मला बाबांनीच शिकवलेली, मागावर, लहानपणी, टपल्या मारून मारून. इतक्या वर्षांनी ती एका फटक्यात बसली याचा मला अभिमान वाटला. वरून साबण घासला. बाबांच्याच हातचं काम वाटत होतं.

सुपरवायझर रविवारी आला, गाडीखाली टॉर्च मारून बघितलं, खूश होऊन गेला. "काका, मस्त केलंत."

"म्या केलंय," बाबा मागून म्हणाले. जिभेच्या जडपणामुळे त्याला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं, "बाबांनी केलंय." त्या पोरानं अंगठा वर करून दाखवला. त्याला तेवढीच रीत माहीत. बाबांनीही डावा अंगठा वर केला.

त्यानंतरचे काही दिवस आमच्या घरात चांगले गेले. बाबा सकाळी लवकर उठायचे. फाटकावरच्या वॉचमनला बोलावून त्यांनी नळी दाखवली. शेजारच्या आळीतले एक जुने मागवाले भेटायला आले, त्यांनाही काठी टेकत पडवीत नेलं. व्यायामवाली बाई बायकोला म्हणाली, यांच्यात सुधारणा दिसतेय. बायकोनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला वाटलं, आपण जिंकलो. संध्याकाळी कामावरून येताना मी मुद्दाम पडवीवरून यायचो आणि कोरड्या जमिनीकडे बघायचो.

मग एका सकाळी बाबांनी हाक मारली. मी गेलो. बॉनेट उघडं होतं, वॉचमनकडून उघडून घेतलं असणार. बाबा स्टुलावर बसले होते आणि त्यांचं बोट सुताच्या गाठीवर होतं.

"ही कोनी मारली?"

"तुमीच की, बाबा."

"न्हाय." त्यांनी बोट नळीवरून गोल फिरवलं. "म्या डाव्या हातानं गुंडाळतो. माजं सूत या बाजूनं येतं. हे त्या बाजूनं आलंय. गाठ बी तशीच." थांबत थांबत बोलत होते, प्रत्येक शब्द जिभेवरून ढकलत. "ही उजव्या हाताची गाठ हाय. मना कुटं हाय उजवा हात?"

तेव्हा गोदामात ट्रक मागे घेत होते, त्याचा टूं टूं आवाज चालू होता. मला वाटलं, आता काठी उगारतील. उगारली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ते रागावलेलेच नव्हते.

"चांगली बसलीय," ते गाठीकडे बघत म्हणाले. "आत नवी नळी हाय ना?"

"हाय."

"बरं केलंस."

त्यांनी उठायला हात पुढे केला. मी धरला. या वेळी झटकला नाही. घरापर्यंत माझ्या हाताला धरूनच आले.

दुसऱ्या दिवशी ते पडवीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी खाटेशी बसून विचारलं, गाडी पुसायची नाही का. तर म्हणाले, "ईकून टाक."

मला वाटलं, रुसलेत. मी समजूत काढायला लागलो. म्हटलं, आता तर गाडी एकदम टकाटक आहे, गोदामवाल्यांची कटकट मिटली, दर रविवारी चालू करू, बरं वाटलं की तुम्हाला कशेळीच्या पुलापर्यंत फिरवून आणतो. मी बराच बोललो. माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं, पण थांबता येत नव्हतं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गळत व्हती तवर मना तिच्यात काम व्हतं."

बायको दारात उभी होती. ती आत निघून गेली.

गाडी त्याच मेकॅनिकनं घेतली. भंगारात घालणार नाही, रंगवून ठेवीन, सिनेमावाल्यांना अशा गाड्या लागतात, असं काहीबाही सांगत होता. मला ते ऐकायचं नव्हतं. त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली, नालायकासारखी. फाटकातून बाहेर पडून ट्रकांच्या रांगेत शिरली आणि दिसेनाशी झाली. बाबांची खाट खिडकीजवळ आहे, त्यांना आवाज आला असणार. ते भिंतीकडे तोंड करून होते.

पडवी आता गोदामवाल्यांनी मागून घेतली आहे. तिथे रिकामे पुठ्ठे रचतात. जाता-येता मी तिकडे बघत नाही. कधी वाटतं, त्या थेंबाखाली एक पत्र्याचा डबा ठेवून सुपरवायझरशी भांडत बसायला हवं होतं. रोज साबण, रोज सूत, रोज डाग. चालवून घ्यायला हवं होतं, आणखी काही महिने तरी. पण मी गळती थांबवली.

झटका आल्यापासून बाबांनी कोणाच्या हातचा घास कधी घेतला नव्हता. डाव्या हातानं जेवायचे, अर्ध्याहून जास्त भात मांडीवर सांडायचा, तरी बायको जवळ आली की ताट पोटाशी ओढून घ्यायचे. गाडी गेली त्या दुपारी तिनं नेहमीसारखं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. ते ताटाकडे बघत बसले, हात काही उचलला नाही. तिनं वाट बघितली. मग भात कालवला, घास करून त्यांच्यापुढे धरला, आणि बाबांनी तोंड उघडलं.